देवराव ड्रेसरची ताटी

कौसल्याच्या अंगावर गोधडी होती आणि गोधडीवर घोंगडी. मे महिन्याची दुपार. कोळशाच्या सायडिंगवर रुळांना हात लावण्याची सोय नव्हती, आणि ही बाई घोंगडीखाली थडथड उडत होती.

"हिवताप हाये, ड्रेसरबाबू," तिचा नवरा नत्थू म्हणाला. "घाम सुटला का उतरते."

सावनेरजवळच्या त्या खाणीवर हिवताप घरोघर असायचा. थंडी वाजली की पांघरूण घालायचं, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होतं. देवराव खाणीच्या दवाखान्यात ड्रेसर होता. मलमपट्टी करायची, सुई टोचायची आणि वेळ आली तर आजाऱ्याला दवाखान्याच्या जीपमधून नागपूरला पोचवायचं, हे त्याचं काम. डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होते.

गुडघ्यांवर बसून त्याने गोधडीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मान कोरडी होती, काखही कोरडी. सकाळपासून वॅगनीत कोळसा भरणाऱ्या बाईच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. नाडी बोटांखालून पळत होती. त्याने खांदा हलवून हाक मारली. डोळे अर्धे उघडले, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं.

"हिवताप नाही हा. ऊन लागलं." त्याने गोधडी ओढून दूर फेकली. "काटाघरात उचला तिले. लवकर!"

वॅगनी तोलायच्या त्या खोलीच्या दाराला खसची, म्हणजे वाळ्याची ताटी होती. ओली ताटी, तिच्यातून येणारा गार वारा. तिथे तिला जमिनीवर ठेवताच नत्थूने लोटा कौसल्याच्या ओठांशी नेला. देवरावने त्याचं मनगट धरलं.

"तोंडात थेंब नाही घालायचा."

"काहून?"

"शुद्ध नाही तिले. पाणी छातीत जाईन, श्वास अडकन."

"अन् तशीच मेली त? मरणाऱ्याले पाणी पाजू देत नाही, कोण माणूस हायेस गा तू?"

देवरावने लोटा काढून घेतला आणि तिच्या मानेवर रिता केला.

लहानपणी तो आईसोबत गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभा राहायचा. कोणाला दया आली तर वरून धार पडे. छप्पन साली पांढऱ्या लुगड्यातल्या आईचं बोट धरून तो नागपूरला आला, दीक्षा घेऊन परतला. विहीर मात्र पुढेही बरीच वर्षं तशीच राहिली. दवाखान्यातला माठ तो भरतो म्हणून नत्थू अजूनही त्यातलं पाणी पीत नसे. आज ही बाई गेली तर सायडिंगवर एकच गोष्ट उरणार होती : देवरावने पाणी अडवलं.

त्याने तिला कुशीवर वळवलं. तोंडातला फेस बाहेर आला.

"मार्तंडराव, ताटी पाहिजे," तो काट्यावरच्या कारकुनाला म्हणाला.

"माझी ताटी? अहो, मग मी इथं भाजून निघू का?"

"जीपच्या खिडकीले बांधतो. गाडी पळाली का गार वारा लागन तिले."

मार्तंडरावांनी एकदा कौसल्याकडे पाहिलं आणि स्वतःच खिळे उपसायला घेतले. जीपमध्ये कौसल्याला ठेवलं, पाण्याचं पिंप चढवलं, त्यामागे धोतर सावरत तेही चढले. "ताटीवर पाणी कोण मारणार? तुम्हाला काय चार हात आहेत?"

लहानू ड्रायव्हरने गाडी सोडली. ताटीतून वारा घुसला, खसचा वास पसरला. देवराव तिच्या अंगावर पाणी शिंपडत होता, पुन्हापुन्हा काखेत हात घालत होता. हात अजून टिकत नव्हता.

कोराडीच्या अलीकडे फाटक बंद होतं. मालगाडी सरकत होती, संपतच नव्हती. वारा थांबला आणि जीपचा टप तापू लागला. कौसल्याचं थडथडणं एकदम बंद पडलं.

"गेली," नत्थू पुटपुटला, आणि पुन्हा लोटा उचलला. "आता तरी पाजू दे, बापा."

देवरावने तिच्या नाकाशी कान नेला. श्वास होता. मघापेक्षा लांब की तुटत चाललेला, हे त्याला कळेना. "नत्थूभाऊ," तो म्हणाला, "मलेही पाजायचंच हाये. गिळू दे तिले आधी. तवर दुपट्टा हलव."

नत्थू त्याच्याकडे पाहत राहिला. मग लोटा ठेवून दुपट्ट्याने वारा घालू लागला, जोरजोरात, रडत. मार्तंडरावांनी टोपी काढली आणि तिने तेही वारा घालू लागले.

फाटक उघडलं. ताटी पुन्हा गार झाली. मानकापूर मागे पडलं तेव्हा देवरावचा हात काखेत टिकला.

"कोणं भिजवलं मले?" कौसल्या म्हणाली.

देवराव वाकला. भ्रमात माणूस काहीही बोलतं, हे त्याने पाहिलं होतं. "बाई, नवऱ्याचं नाव काय तुमच्या?"

तिने डोळे मिटले. हात चाचपडत ओल्या पदरापर्यंत गेला आणि पदर डोक्यावर आला. "असं नाव घेतेत का कोणी?"

मार्तंडराव मोठ्याने हसले. "शुद्धीवर आहे हो!"

"पाणी," ती म्हणाली.

पिंप कोरडं होतं, लोट्यातलं शेवटचं पाणी ताटीवर गेलं होतं. उरली होती खिडकीला लटकलेली देवरावची छागल, पाण्याची कॅनव्हासची पिशवी, त्याने घरून भरून आणलेली. देवरावने कौसल्याला पाठीमागून उठवून धरलं. त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

नत्थूने छागल काढली. टोपणात थोडं ओतून तिच्या ओठांना लावलं. घोट खाली उतरताना देवराव तिचा गळा पाहत होता. खोकला आला नाही. "अजून," तो म्हणाला. "हळू."

सदरची दुकानं दिसू लागली, लहानूने हॉर्न धरला. नत्थूच्या हातात छागल तशीच होती. त्याचेही ओठ दुपारपासून फुटले होते. त्याने तोंड वर केलं आणि मोठी धार घशात सोडली.