गच्चीतला ड्रम

बागकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मेथी पेरतात की रोप लावतात, इथपासून शंका. तरी पन्नाशीच्या आत एकदा स्वतः उगवलेली भाजी खायची, असं मनाने घेतलं आणि सोसायटीकडे गच्चीचा एक कोपरा मागितला. कमिटीने एक महिना दिला. अट एकच, वास येता कामा नये. आला तर कोपरा परत.

मी आराखडा काढला. मिरची उन्हात, पालक टाकीच्या सावलीत, कढीपत्ता कठड्याशी. व्हिडिओ बघून एवढं समजलं होतं, की आधी खत हवं. म्हणून झाकणाचा ड्रम आणला, भोकं पाडली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "खतासाठी भाजीची देठं, साली, फुलं द्यावीत." फुलं मागितली तिथेच मी फसले.

आमच्या इमारतीत निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत, पाप लागतं. नदीत टाकावं तर पुलाला जाळ्या. त्यामुळे देवापुढची शिळी फुलं पिशव्यांत गाठी मारून घरोघरच्या बाल्कन्यांत पडून होती. ते सगळं पावित्र्य दोन दिवसांत माझ्या ड्रमपाशी येऊन पडलं.

पहिली पिशवी सोडली. झेंडूचा काळा चिखल, त्यात पंचामृत, जरीचे दोरे, नासका नारळ आणि कुठल्याशा भंगलेल्या मूर्तीचा हात. चिखल हलत होता. वाकून पाहिलं तर अळ्या. हातमोजे चढवून मी त्यातून दोरे आणि टाचण्या वेचत बसले. जेवताना बोटांना तोच वास यायचा.

पण अळ्या निदान आपलं काम करत होत्या. मला खरी शिसारी आली ती वरच्या मजल्यावरच्या काकूंची. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभ्या राहणाऱ्या. त्यांनी गळकी पिशवी दोन बोटांत धरून आणली, माझ्या हातात दिली, तिला नमस्कार केला आणि "तुम्हाला पुण्य लागेल हो" म्हणत गच्चीच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ग्रुपवर पुन्हा लिहिलं, "कृपया निर्माल्य नको." उत्तरादाखल सात जणांनी जोडलेले हात पाठवले. पिशव्या येतच राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात कमिटी वर आली, त्यात काकूही. खत अजून तयार नव्हतं, म्हणून आणलेल्या कुंड्या रिकाम्याच होत्या. फक्त एका क्रेटमध्ये, नर्सरीच्या मातीत, मेथी वीतभर झाली होती. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला.

"मॅडम, वास येतोय. ठरल्याप्रमाणे कोपरा रिकामा करा."

"वास निर्माल्याचा आहे. ते मी मागितलेलं नाही."

"कुणाचा का असेना. कुंड्या रविवारपर्यंत खाली घ्या."

"आणि ड्रम?"

"तो पार्किंगच्या मागे ठेवू. लोकांची सोय झालीये." मग जरा मायेने म्हणाले, "त्याचं मात्र तुम्हीच बघत जा. तुमचा हात बसलाय आता."

काकूंसकट सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वळले, क्रेटमधली मेथी मुळांसकट उपटली, नळाखाली धुतली आणि त्या सगळ्यांच्या देखत, त्या वासात उभी राहून कच्चीच खाल्ली. दोन घासही झाले नाहीत.