समईची वात आणि माझा मिरर

"सर, मधला धागा दोनदा येतोय. तुमच्या मिररमधीच कायतरी हाय."

नरसय्यांनी नमुना माझ्या टेबलावर पसरला. सोलापुरात भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनवणारा आमचा कारखाना. ते तिथले डिझायनर, मी प्रोग्रामर. नमुन्यात समई होती. तिच्या मधोमध एका धाग्याची बारीक वात हवी होती. ती जाड आली होती.

डिझाइन मागाच्या मशीनला कळावं म्हणून मी एक छोटी कॉम्प्युटर भाषा लिहिली होती. तिच्यात काही तयार फंक्शन होती, म्हणजे बिल्ट-इन. 'मिरर' म्हटलं, की डाव्या अर्ध्या चित्रावरून उजवं अर्धं आपोआप तयार होई. आत काय चालतं ते कुणाला दिसत नसे. मीच ते बंद ठेवलं होतं. कुणी बिघडवेल ही भीती. थोडा गर्वही.

"उघडून दावा की."

"बिल्ट-इन आहे ते, नरसय्या. त्याला हात लावत नाहीत."

"मग माझा मिरर मला लिहू द्या. ग्राफ पेपरवर वीस वर्षं हातानं काढलंय मी. मधला धागा एकदाच मोजायचा असतो."

"आता मशीनला मोजायला शिकवता काय?" मी हसलो. याआधी सगळी फुलांची डिझाइनं होती. त्यांत मधला धागा जमिनीच्या, म्हणजे पार्श्वभूमीच्या, रंगाचा असे; दोनदा आला तरी कळत नसे. प्रोग्राम बरोबर असल्याची मी खात्री दिली आणि माल तसाच मागावर चढला.

गिऱ्हाइकानं सगळा परत पाठवला. शेठनी दोघांना बोलावलं.

"चूक कुणाची?"

"प्रोग्राम तपासलाय, शेठ. ड्रॉइंग चुकलं असेल."

नरसय्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तपासला व्हय, सर?"

मी तपासला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते पॅकिंगला गेले.

दोन आठवड्यांनी मी मिरर उघडून पाहिला. डावीकडचा शेवटचा धागा उजवीकडे पहिला म्हणून पुन्हा येत होता. एक ओळ बदलली. नव्या व्हर्जनच्या नोंदीत लिहिलं, 'वेग वाढवला'. शेठना सांगितलं नाही. नरसय्या रिटायर होईपर्यंत पॅकिंगलाच राहिले. गेल्या वर्षी ते वारले.

यंदा मी ती भाषा पुन्हा लिहिली. आता प्रत्येक बिल्ट-इन उघडून वाचता येतं. त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन कुणी लिहिलं, तर माझ्या फंक्शनऐवजी ते चालतं. नरसय्यांची मुलगी लक्ष्मी याच भाषेत डिझाइन करते. तिनं वडिलांची जुनी फाइल चालवून पाहिली आणि माझ्या घरी आली.

"सर, अप्पांची समई तर बरोबर येतीय की. तवा का नाही आली?"

मी सगळं सांगितलं.

"अप्पा शेवटी शेवटी म्हणायचे, माझीच मोजणी चुकली असंल." मग ती उठली. "शेठना सांगा, सर. मला सांगून काय उपयोग?"

मी गेलो. शेठ आता थकलेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नरसय्या म्हणजे तो पॅकिंगमधला?"

"डिझायनर," मी म्हणालो.

मिररच्या पहिल्या ओळीत आता तेच लिहिलं आहे: 'ही चूक डिझायनर नरसय्यांनी दाखवली होती.' फंक्शन तेव्हाच उघडं असतं, तर त्यांना माझ्या कबुलीची गरजच पडली नसती.