कासमीक्कांचा खडक

या बेटावर आलो त्याच महिन्यात मी कोळी कासमीक्कांच्या होडीतली आमिषाची सगळी मासळी मारली. हेतू चांगला होता. होडीच्या पोटात ही मासळी जिवंत ठेवायला एक हौद असतो. त्याच्या तळाला बोटबोट भोकं, आणि त्यांतून समुद्र सारखा आत येत असतो. मी धंद्याने पंपवाला, बेटावरच्या गोड्या पाण्याच्या कारखान्यात नोकरीला. गळती दिसली की माझा जीव वरखाली होतो. बाकीचे कुपा मासा कुठे उसळतोय ते बघत होते, तेवढ्यात मी आधी रुमाल आणि मग बनियन फाडून एकेक भोक नीट बुजवलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो. अर्ध्या तासात हौदातली बारकी मासळी पोट वर करून तरंगायला लागली.

जिवंत मासळी फेकल्याशिवाय कुपा गळाजवळ फिरकत नाही. होडी रिकामी परतली. कासमीक्का वाटेत एवढंच म्हणाले, "आता गळत नाही ना?"

त्या दिवसापासून लक्षद्वीपच्या या टीचभर बेटावर माझं नाव बूच. चौदा वर्षं झाली. लग्नाच्या आमंत्रणांवरसुद्धा तेच येतं.

कासमीक्का गळ धरत नसत. त्यांचं काम आमिष आणण्याचं. पहाटे लगूनच्या, म्हणजे बेट आणि पोवळ्यांची कड यांच्यामधल्या उथळ पाण्यात जाऊन आपल्या पोवळ्याच्या खडकाभोवती जाळं अंथरायचं, हौद भरायचा आणि मग होडी खोल पाण्यात सोडायची. ज्याचा त्याचा खडक वेगळा, आणि तो कुणी कुणाला सांगत नाही. इथल्या रीतीने नवरा आपल्या आईच्या घरी राहतो आणि बायकोकडे पाहुण्यासारखा येतो. त्यांची बायको बीफातुमा म्हणायची, "चाळीस वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवायला येतोय. माझ्या माशातल्या मिठाची खोड काढतो, पण खडक कुठंय म्हटलं की बहिरा होतो."

मग दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल आला. लगूनचं पाणी अंघोळीला काढल्यासारखं गरम झालं आणि पोवळी एकेक करून पांढरी पडू लागली. पोवळं मेलं की त्याच्या आडोशाची मासळी जाते. मासळी गेली की होडी वाळूत.

त्याच सुमारास कोचीहून डॉ. पोन्नुराज आले. आमच्या कारखान्यात साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी नळाने वर येतं. त्याच्या जोरावर पिण्याचं पाणी तयार होतं आणि उरलेलं गार पाणी आम्ही समुद्राला परत करतो. डॉक्टर म्हणाले, ते परत करण्याऐवजी एखाद्या खडकावर सोडू. खडक जगला तर पुढे असे हजार नळ टाकू. समुद्र गार करता येतो हे जगाला दाखवू.

"हजार नळांना डिझेल लागेल," कासमीक्का म्हणाले.

"लागेल."

"ते जाळल्यावर त्याची ऊब कुठं जाणार?"

डॉक्टर माणूस प्रामाणिक. म्हणाले, "तेच अजून सुटलेलं नाही."

खडक मात्र हवा होता, जिवंत आणि कारखान्याजवळचा. तसा एकच होता, कासमीक्कांचा, एवढं मला होड्यांच्या वाटेवरून कळलं होतं; नेमका कुठे, ते नाही. मी आठ दिवस कासमीक्कांच्या मागे लागलो. गूळ घातलेला चहा पाजला. पंप माझ्या हातात आहे, म्हणजे खडक माझ्या हातात आहे, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. नवव्या दिवशी ते मला होडीत घालून घेऊन गेले आणि काठीने पाण्यात खाली दाखवलं.

एकेचाळीस दिवस गार पाणी वाहिलं. भोवतीचं सगळं हाडासारखं पांढरं झालं, कासमीक्कांचा खडक तेवढा तपकिरी राहिला. साऱ्या लगूनची मासळी तिथे गोळा झाली. पण प्रयोग संपेपर्यंत तिथे जाळं टाकायचं नाही, असं ठरलं होतं. कासमीक्का रोज जात, स्वतःची मासळी बघत आणि रिकाम्या हौदाने परत येत.

"सासरी जेवायला बसवलंय आणि हात बांधलेत," ते म्हणत.

बेचाळिसाव्या दिवशी समुद्र खवळला आणि मोठा नळ सांध्यात निखळला. सांध्याचा तुकडा कोचीहून यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मी धडधाकट पण बंद पंपावर हात ठेवून बसलो होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गार पाण्याला सोकावलेला खडक त्या गरम पाण्यात चार दिवसही टिकला नाही. बाकीच्यांना मरायला महिना लागला होता.

अहवालात डॉक्टरांनी लिहिलं, एकेचाळीस दिवस प्रयोग यशस्वी. सोबत कासमीक्कांचा फोटो आहे. ते हसतायत असं वाटतं, पण डोळ्यांवर ऊन आलंय.

वाळूत ओढलेल्या होडीतला हौद सुकून तडकला. कासमीक्का आता बीफातुमाच्या अंगणात दिवसभर नारळ सोलतात. गेल्या आठवड्यात डॉक्टरांचं पत्र आलं: मोठा पंप मंजूर झाला, या वेळी सांधे दुहेरी, फक्त एक जिवंत खडक हवा. पत्र खिशात घालून मी गेलो आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. या वेळी काहीच बिघडणार नाही, असं सांगितलं. त्यांचे दोन नारळ सोलून होईपर्यंत थांबलो.

"कासमीक्का, लगूनमध्ये कुठं एखादा जिवंत खडक उरलाय का?"

"आहे. तुला नाही सांगणार."