मंगेशने पाहिलेलं लोझेर

मंगेश गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून ढसाढसा रडलो. सहा आठवडे झाले त्याला. आता रडू येत नाही, राग येतो.

अकरा वर्षं आम्ही शारजाहून दुबईला एकाच गाडीने जात होतो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. अल कुसैसच्या आधी गाड्या तुंबल्या की जो चालवत नसेल त्याने नकाशा उघडायचा, हा आमचा नेम. नकाशा लोझेरचा, फ्रान्समधल्या सर्वांत कमी वस्तीच्या जिल्ह्याचा. ऑफिसातला एक फ्रेंच साहेब देश सोडताना तो मंगेशला देऊन गेला होता. "यल्ला, आज कुठे?" मंगेश विचारायचा. मग कधी ग्रॅनाइटचं पठार, कधी दक्षिणेचे चेस्टनटचे डोंगर, जिथे गरिबाची भाकरी त्या फळाच्या पिठाची असे. पश्चिमेला तर आपल्या सह्याद्रीसारखा काळा दगड! माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. रिटायर झालो की दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही, असं ठरलं होतं. "खलास, वचन म्हणजे वचन," हे त्याचेच शब्द.

परवा वहिनींनी तो नकाशा मला देण्यासाठी घरी बोलावलं. मी घडी उलगडली, तशी त्यांची मुलगी रिया म्हणाली, "अंकल, इट वॉज सो क्वाएट देअर. नो नेटवर्क, नथिंग."

वहिनींचा चेहरा उतरला. "मागच्या एप्रिलमध्ये गेलो होतो आम्ही, भाऊजी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू नकोस म्हणाले."

मागच्या एप्रिलमध्ये तो पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेला होता. एअरपोर्टवर मीच सोडलं होतं. येताना माझ्यासाठी कंदी पेढेही आणले होते. ते कुठले, असं विचारल्यावर वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "इथलेच, दुबईतल्या करामातले."

पेढ्यांचंही सोडून देतो. बायको-मुलीला घेऊन गेलास, त्यात गुन्हा काय? सांगितलं असतंस तर चार दिवस रुसलो असतो, बस्स. पण मंगेश, परत आल्यावरही तू शेजारी बसून तो नकाशा उघडत राहिलास. मी न पाहिलेली गावं तुला रंगवून सांगत होतो, आणि तू ती पाहून आलेला, "हो का?" म्हणत होतास. याला केसाने गळा कापणं नाही तर काय म्हणायचं...

एकदाच चुकलास. चुनखडीच्या कड्यावरून सकाळी तार्न नदी दोऱ्यासारखी दिसत असणार, असं मी म्हणालो होतो.

"दिसत नाही रे. सकाळी खाली सगळं धुकं असतं."

"नकाशात कुठेय धुकं?"

तू मांडीवरच्या नकाशाची घडी सरळ केलीस. मग म्हणालास, "बरं, तू सांग पुढे."

आणि मी पुढे सांगत राहिलो.