आमच्या साडूंचं व्याज

क्रेडिट कार्डाचं व्याज भरावं तर आमच्या साडूंनीच. चंदगडपासून मलकापूरपर्यंत अख्खा कोल्हापूर जिल्हा पालथा घाला. उशिराचा दंड, त्यावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा कर, असं सगळं साग्रसंगीत भरून वर मिशीला पीळ देणारा दुसरा माणूस सापडला, तर मी माझं कार्ड कात्रीनं कापून पंचगंगेत सोडायला तयार आहे. माझं कार्ड म्हणजे तरी काय, पगाराच्या खात्याबरोबर बँकेनं गळ्यात मारलेलं. सरकारी कचेरीच्या लेखा विभागात माझं आयुष्य गेलं. बिल आलं की मुदतीच्या आत, शेवटच्या पैशापर्यंत चुकतं. आजवर व्याज म्हणून एक रुपया दिलेला नाही. आणि या पुण्याईचं मला काय फळ मिळालं, तर काही नाही! सगळं कौतुक साडूंना. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी या माणसावर जळतो. लग्न झाल्यापासून जळतो. पुढचं सगळं त्याच जळक्या मनानं लिहिलेलं आहे, तेव्हा काही कमीजास्त वाटलं तर चालवून घ्या.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे गडहिंग्लजकडचे, आता उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. अंगाला कायम वार्निशचा वास, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि टेस्टरला चिकटून ते कार्ड. मुलं घरी होती तेव्हाचं चित्र सांगतो. मटणाच्या खानावळीत आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो, की बाकीचे टेबल शोधत असताना साडू सरळ गल्ल्यावर जातात आणि कार्ड मालकाच्या हातात ठेवतात. "हे आदुगर जप्त करा. आमचं पावणं लई जोरात हाईत, बिल देऊन मोकळं हुतील." पावणं म्हणजे मी. माझ्या पाकिटाची चेन त्या वेळी अर्धीसुद्धा उघडलेली नसते, हे त्यांना माहीत असतं, मालकाला माहीत असतं आणि माझ्या बायकोला तर पाठच असतं. मग तांबड्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या येतात, वाढपी त्यांच्याभोवतीच घोटाळतात, माझी मुलं "काका, काका" करत त्यांच्या बाजूच्या खुर्चीसाठी भांडतात, आणि मी एका कोपऱ्यात पांढरा रस्सा पीत बसतो. घरी येताना बायको म्हणते, "त्यांचा हात कसा सढळ आहे, नाही?" मी म्हणतो, "हात नाही, बँक सढळ आहे." त्यावर ती शांतपणे म्हणते, "कार्ड तुम्हालाही दिलंय की बँकेनं."

बरं, हे कार्ड फक्त जेवणापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण साडूंचं कार्ड म्हणजे सार्वजनिक नळ. शेजाऱ्याला फ्रिज घ्यायचाय, लावा कार्ड. दुकानातल्या मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नात भांडी द्यायची आहेत, लावा कार्ड. गल्लीतल्या तालमीला नवी मॅट हवी, तिलाही कार्ड. माणसं प्रामाणिक, रोख पैसे आणून साडूंच्या हातात देतात. पण ते पैसे बँकेपर्यंत पोचण्याआधी वाटेत कुणीतरी अडलेला भेटतोच, आणि अडलेल्या माणसासमोर साडूंना खिशात पैसे ठेवून उभं राहता येत नाही. एकदा मी स्पष्ट विचारलं, "अहो, त्या फ्रिजचे पैसे आले होते ना?" तर म्हणाले, "आलतं की. पर त्याच दिवशी आमच्या मिस्त्रीची म्हैस आजारी पडली." फ्रिज आणि म्हैस यांचा संबंध लेखा विभागात कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही, त्यामुळे मी विषय सोडला.

पण या सगळ्यापेक्षा भारी त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या वडिलांचं गावाकडे किराणा दुकान होतं. तिथली रीत अशी, की गिऱ्हाइकानं दिवाळीला उधारी भागवायची, पण सगळी नाही. थोडीशी ठेवायची. सगळी भागवली म्हणजे हा माणूस रागावला, आता दुसऱ्या दुकानी जाणार, असा अर्थ व्हायचा. वडील मग चपला घालून त्याच्या घरी जायचे आणि "काय चुकलं?" म्हणून विचारायचे. हा संस्कार घेऊन साडू कोल्हापुरात आले आणि त्यांच्या हातात पडलं क्रेडिट कार्ड! बिलावर दोन आकडे असतात, एक पूर्ण रक्कम आणि एक अगदी किरकोळ, किमान भरायची. तो किमान आकडा पाहून साडूंना गहिवरून आलं. मी त्यांना समजावलं, की बाबा रे, पूर्ण भरलं नाही तर खरेदीच्या दिवसापासून सगळ्यावर व्याज चढतं, नव्या खरेदीवरसुद्धा. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "पावणं, बँक सोताच्या तोंडानं म्हणत्या की एवढं द्या, बाकीचं असू द्या. माणुसकी हाय त्यांच्यात. आन् आपण समदं भागवून त्यांच्या तोंडावर फेकायचं व्हय? खातं पुसायचं नसतंय." आणि ही किमान रक्कमही ते मुदत उलटल्यावर भरत, कारण मुदतीत भरणं म्हणजे बँकेवर विश्वास नसल्यासारखं दिसतं.

आता माझ्या जळण्यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट. मुदत उलटली की बँकेतून वसुलीसाठी एका मुलीचा फोन येई. पहिल्या वेळी ती दरडावून बोलली असणार. साडू म्हणाले, "बाळा, आवाज बसलाय तुझा. सर्दी झाल्या काय? तुळशीचा काढा घे. आन् जेवलीस काय गं?" दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या त्या पोरीला कुणी जेवलीस का विचारलं नसेल. पुढे पुढे ती फोन करायची ते वसुलीसाठी की काढ्यासाठी, कळेनासं झालं. तिच्या भावाची परीक्षा, आईचे गुडघे, खोलीवर पाणी न येणं, सगळं साडूंना ठाऊक. तिचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आली, आणि साडू सहकुटुंब साताऱ्याला जाऊन पैठणीचा आहेर करून आले. पैठणी कार्डावर! त्या पैठणीचे पैसे थकले तेव्हा वसुलीचा फोन नवरीच्या बँकेतल्या मैत्रिणीनं केला. आणि मी? इतकी वर्षं वेळेवर पैसे भरून मला बँकेकडून काय येतं, तर 'प्रिय ग्राहक, धन्यवाद.' नावसुद्धा घालत नाहीत. मला सर्दी झाली काय, न झाली काय, बँकेला सोयरसुतक नाही.

गेल्या वर्षी मात्र एका दुपारी मेव्हणी एकटीच आमच्याकडे आली. नेहमी हसतमुख बाई, पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "दाजी, तुम्ही काहीतरी करा. दुकानात मिळवलेलं सगळं त्या व्याजातच जातंय. मूळ रक्कम हालतच न्हाय. आता ह्यांनी माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या मोडायच्या म्हटलंय. म्या न्हाय म्हणायची न्हाय, पर लई जिवावर येतंय." माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाटल्यांचा दुसरा जोड तिच्या हातात होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोला, त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी उकळीही फुटत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा साडूंचं बिल मी देणार होतो! मुदत ठेव मोडली, मेव्हणीकडून कार्डाचा नंबर घेतला आणि शेवटच्या पैशापर्यंत सगळी रक्कम भरून टाकली. मग इस्त्रीचा शर्ट घालून, कौतुक करून घ्यायला म्हणून उद्यमनगरात गेलो.

साडू एका मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी हात पुसले, आकडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. असा चेहरा मी त्यांच्या घरच्या मयतीलाही पाहिला नव्हता. "पावणं, हे काय केलासा? समदं पुसलासा?" मी म्हटलं, "अहो, पाटल्या वाचल्या." "ते खरं हाय. लई उपकार झालं. पर बँकेला काय वाटंल? ती पोरगी म्हणंल, काका रागावलं." दुपारभर त्यांनी मोटारीला हात लावला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा थोडं व्याज आलं. बिल निघाल्यापासून मी पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते राहिलेलं व्याज असतं, हा साधा हिशेब आहे. पण साडू बिल नाचवत माझ्या घरी आले. "बघा! बँकेनं बी थोडं ठेवलंय. त्यास्नी कळतंय, तुमास्नीच कळंना!" मी रागानं तेही भरून टाकलं. मेव्हणीनं कार्ड ज्वारीच्या डब्यात पुरलं, आणि बँकेचे फोन बंद झाले.

आणि तिथून आमच्याकडे रविवार सुरू झाले. माझे पैसे फेडायला साडू दर महिन्याला येऊ लागले. पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "व्याज किती लावायचं?" मी म्हटलं, "छे, नात्यात कसलं व्याज!" ते दुखावले. "मग पावणं, म्या रिकाम्या हातानं यायचं काय?" तेव्हापासून व्याज येऊ लागलं. कधी गुळाची ढेप, कधी चंदगडचे काजू, कधी आमच्या जिन्यातल्या बंद पडलेल्या पंपाची फुकट दुरुस्ती. पैसे देऊन जायला एक मिनिट पुरतं, साडू सकाळी यायचे ते संध्याकाळी जायचे. आमचं घर तसं शांत; मुलं शिकायला बाहेर गेल्यापासून घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. आता बायको आतून हसायची, शेजारी डोकावायचे, आणि मला एकदा शिंक आली तर साडू म्हणाले, "सर्दी झाल्या काय पावणं? काढा घ्या." मी उठून आत गेलो आणि नळ सोडून उगाच तोंड धुतलं. माणसाला कुणी सर्दी विचारली की बरं वाटतं, एवढंच.

पैसे मात्र फिटत गेले. इतके नियमित हप्ते त्यांनी बँकेला दिले असते तर बँकच रडली असती. प्रत्येक हप्त्याला मी वरकरणी "शाब्बास" म्हणायचो आणि मनात राहिलेली रक्कम मोजायचो. पूर्वी मला देणं बाकी राहिलं की झोप लागायची नाही, आता येणं संपत आलं म्हणून लागेना.

गेल्या रविवारी साडू आले ते मेव्हणीला घेऊन. तिनं बजावून आणलं होतं. "दाजींचं शेवटचं राहिलेलं आज चुकतं करायचं. मला कुणाचं काय ठेवून घ्यायला आवडत न्हाय." बरोबर होतं तिचं. तिच्या हातात पाटल्या वाजत होत्या. साडूंनी खिशातून पैसे काढले, चहाच्या कपाजवळ ठेवले आणि खाली मान घालून बसले. खिशात टेस्टर होता, पण त्याच्या शेजारची कार्डाची जागा रिकामी होती. ते म्हणाले, "घ्या पावणं. पुसून टाका." बायको माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर शेवटच्या पैशापर्यंत चुकतं करणारा मी, माझा हात पुढे गेला, पैसे उचलले, त्यातले बरेचसे मोजून घेतले आणि वरच्या दोन नोटा त्यांच्या खिशात परत कोंबल्या. "असू द्या की," मी म्हटलं, "एवढं राहू द्या. सावकाश द्या."

मेव्हणीनं कपाळाला हात लावला. साडूंनी वर पाहिलं, मिशीला पीळ भरला आणि म्हणाले, "आता कसं बोललासा!"

मी अजूनही त्यांच्यावर जळतो. साताऱ्याहून त्या पोरीनं बारशाला बोलावलं आहे, त्यांनाच, मला नाही. पण जाताना मला घेऊन जाणार आहेत. परवा त्यांचा फोन आला, "पावणं, ह्या महिन्यात ते राह्यलेलं द्यायला जमंल असं वाटत न्हाय, बरं का. रागावू नगा." मी म्हटलं, "नाही रागावत. तुम्ही या मात्र."