एक प्रश्न जास्त

बावीस वर्षं मी सरकारी वकील होते. निवृत्त झाल्यावर महाडला परतले आणि ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची कामं मोफत चालवू लागले. लोकांना वाटलं, बाईंना पश्चात्ताप झाला. खरं सांगायचं तर घरात दुपार सरत नव्हती. बाररूममध्ये आरोपींचे वकील मला अजून 'सरकारी'च म्हणत, आणि ज्या पोलिसांनी वर्षानुवर्षं माझ्या टेबलाशी चहा प्यायला ते आता लांबूनच मान हलवत. डबा मी एकटीच खात असे.

पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या तरुणाचं काम माझ्याकडे आलं. आरोप घरफोडीचा. मुद्देमाल सापडला नव्हता. सगळा खटला शेजारच्या म्हातारीच्या साक्षीवर उभा होता. जामीनदार न मिळाल्यामुळे तो तुरुंगातच होता. त्याची आई प्रत्येक तारखेला एसटीने यायची आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहायची.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलाने म्हातारीला सगळं विचारलं. भिंतीवरून कोण उतरलं, अंगात काय होतं, कुठल्या बाजूला पळालं. फक्त तो माणूस आज कोर्टात हजर आहे का, एवढंच विचारायचं विसरला. माझ्याच हाताखाली शिकलेला. मनात म्हटलं, गधड्या. साक्षीदाराने कोर्टात आरोपी ओळखला नाही म्हणजे खटल्यात जीव उरत नाही. मी उठून 'उलटतपास नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं, इतकंच काम होतं.

मी उठले. आणि बावीस वर्षं प्रत्येक साक्षीच्या शेवटी विचारलेला प्रश्न आपसूक तोंडातून निघून गेला.

"आजी, तो माणूस आज इथे आहे का?"

म्हातारीने पदराने चष्मा पुसला आणि आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. "ह्यो काय."

न्यायाधीश क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. सरकारी वकिलाने मान खाली घातली. त्याला माझी दया आली होती. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. बाहेर आईने माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमी लय झटलात. आमच्याकडनं कोन बोलतंय?" तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना परतीच्या एसटीची वेळ विचारली. त्या संध्याकाळी, मी शिकवायला जाते त्या कायद्याच्या वर्गात उलटतपास शिकवताना हीच गोष्ट सांगितली, पण 'एका वकिलाची' म्हणून. मुलं पोट धरून हसली. मीही हसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

अपिलासाठी मी दुसरा वकील गाठला आणि वकीलपत्रावर सही घ्यायला तुरुंगात गेले. जाळीपाशी त्या तरुणाला म्हणाले, "तुझ्याविरुद्धची साक्ष मीच पुरी केली. चूक माझी आहे. वरच्या कोर्टाला तसं लिहून देणार आहे."

"मला तवाच कळलं," तो म्हणाला. "सगळं कोर्ट तुमच्याकडं बगत व्हतं."

"मग आईला का सांगितलं नाहीस?"

"तिला नाय सांगनार. आन् तुमी बी नका सांगू, मॅडम. तिला वाटतंय, एक तरी मानूस आपल्या बाजूनं हाय."