हकीमचाचांची अर्धी उशी

हकीमचाचा बिघडलेल्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कान लावत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि कॅबिनेटला कान चिकटवून तस्बीचे मणी ओढत बसायचं. त्या वेळी खोलीत कुणी खोकललं, तर चाचा एकच डोळा उघडून त्याच्याकडे असे बघत, की पुढचे सहा महिने त्या माणसाला खोकला येत नसे. दिग्रसच्या स्टँडवर उभं राहून ते पुसदहून निघालेल्या गाडीचं कोणतं चाक पंक्चर होणार ते सांगत. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी त्या चाकाला विचारावं. मी खोटं बोलत नाही. थोडं फुगवून खरं बोलतो.

त्यांचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथंच राहिलं. पंचवीस वर्षं कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होते. गावात कॉम्प्युटर आले, तेव्हा ते दुरुस्त करणारा माणूस यवतमाळहून यायचा, म्हणजे बहुधा यायचाच नाही. चाचांनी एकदा एक कॅबिनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात काय हाय? पंखा हाय, वायर हाय, अन् रुई अडकली हाय. आपलं जिनच हाय हे, फक्त कापूस खात नाही." त्या दिवसापासून ते गावाचे हकीम झाले. अकरावी नापास माणसापुढे बी.एस्सी. झालेली माणसं मशीन घेऊन रांगेत बसू लागली, आणि त्या रांगेत मीही होतो.

माझी संस्था जिनिंगच्या भिंतीला लागून होती. पाटीवर 'संगणक प्रशिक्षण केंद्र' असं भारदस्त लिहिलेलं, आत कॉम्प्युटर एक आणि टाइपरायटर नऊ. हंगामात रुई एवढी उडायची, की आमच्या गल्लीतल्या म्हशी पांढऱ्या दिसत आणि नवखे लोक त्यांना गायी समजून नमस्कार करत. ही रुई प्रत्येक पंख्यात जाऊन बसे. चाचा ती चिमटीनं काढत, बोटांत चोळून तिचा धागा पाहत आणि खिशात ठेवत. घरी एक उशीचा अभ्रा होता, त्यात ती जाई. "मास्तर," ते मला म्हणत, "बाजारभाव पेपरात पाहू नोको. पंख्यात पाहा. मूठभर निघाली तर साल बरं, चिमूटभर निघाली तर गावात लग्नं कमी." आणि ती वर्षं चिमटीचीच होती. उशी काही केल्या भरत नव्हती.

चाचांचा एक नियम होता: हकीम आपल्या घरचा इलाज करत नाही. "आपल्या मानसाची नाडी धरली, का आपलीच नाडी ऐकू येते." म्हणून अख्ख्या गावाचे रेडिओ गात होते आणि चाचांच्या घरचा रेडिओ अकरा वर्षं मौनात होता. चाची रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि पुसताना चाचांना जे ऐकवायची, त्यात सगळे कार्यक्रम येऊन जायचे.

हा नियम एका दुपारी माझ्या खोलीत येऊन उभा राहिला. चाचांची मुलगी नसरीन यवतमाळला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा साठ पानांचा प्रोजेक्ट माझ्या कॉम्प्युटरवर टाइप झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो कॉलेजात द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. आणि त्यासाठी चारची एसटी गाठायची. फ्लॉपीत एक प्रत होती, पण त्या फ्लॉपीनं आदल्या दिवशीच मान टाकली होती. दुपारी एक वाजता मी बटण दाबलं. कॉम्प्युटर 'टू' म्हणाला, पडद्यावर अक्षरं आली, कंपनीचं चित्र आलं, आणि पुन्हा अंधार, पुन्हा 'टू'. उठायचा, अर्ध्या वाटेवर यायचा आणि परत पहिल्यापासून. सोळा वेळा झालं. मी शंभर सांगतो, पण सोळा.

अमरावतीच्या एका जाणकाराला फोन लावला. तो जेवता जेवता म्हणाला, "फॉरमॅट मारा, सगळं साफ होईल." सगळं म्हणजे प्रोजेक्टसुद्धा. हे ऐकून नसरीनला रडू फुटलं. मी फॉरमॅटची सीडी हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात चाचा दारात आले. चपला बाहेर काढल्या. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जाणं म्हणजे गाभाऱ्यात बूट घालून जाणं होतं.

"ताप आला म्हनून डोकं कापतं का, मास्तर? ठेव ते खाली."

मला वाटलं, आता कान लावतील. पण चाचांनी स्टूल ओढलं आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. तस्बी हातात घेतली.

"घरचं काम हाय. माह्यानं होनार नाई. हात तुहे, कान माहे. पहिले प्रिंटर काढ, माऊस काढ, जे जे लटकून राह्यलं ते काढ. मंग दहा मिनिटं बंद ठेव."

"अब्बा, चारची गाडी आहे," नसरीन म्हणाली.

"गाडीले मी पाहतो. तू पानी पे."

दहा मिनिटांनी बटण दाबलं. चाचांच्या बोटांतून मणी सरकू लागले. चाळिसाव्या मण्याला कॉम्प्युटर पडला. स्वतःच उठला, या वेळी बाविसाव्याला पडला. मग नवव्याला.

"बंद कर," चाचा भिंतीला म्हणाले. "वायरमंधी खोट असती, तं तिले वेळेचं काय? कधीबी पडलं असतं. आरामानंतर चाळीस, मंग बावीस, मंग नऊ. दर खेपेले लवकर दम लागून राह्यला. म्हंजे तापून राह्यलं हे. अन् आवाज असा दबून काहून येते? वर काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मास्तर."

"कव्हर आहे. छोटंसं."

ते कव्हर छोटंसं नव्हतं. रुई आत जाऊ नये म्हणून माझ्या बायकोनं रजईच्या उरलेल्या कापडाचं, आत कापूस भरून, झालर लावून शिवलेलं होतं. नुसता पडदा आणि बटण उघडं राहील एवढ्या खिडक्या ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर चालू असतानाही आम्ही ते काढत नसू. पाहुणे आले की मुद्दाम दाखवत असू.

चाचांनी पाठ न वळवता कपाळावर हात मारला. "या अल्ला! तापानं फनफनलेल्या लेकराले यानं रजई पांघरली, अन् म्हनते बेशुद्ध कायले पडते!"

नसरीन रडता रडता हसली. मी कव्हर काढलं, कॅबिनेट उघडलं. आतल्या पंख्यात रुई चिमूटभरच, पण अशी ठासून बसलेली, की एका पात्यालाही हलायला जागा नव्हती. चाचा सांगत गेले, मी करत गेलो. चिमट्यानं रुई काढली, माझ्या नव्या कोऱ्या दाढीच्या ब्रशानं जाळी झाडली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पंख्याच्या मुळाशी सोडला. मग बटण. मणी सरकू लागले. चाळीस गेले. साठ गेले. खोलीत एवढी शांतता, की भिंतीवरच्या पालीनंही श्वास धरला होता. नव्वदाव्या मण्याला नसरीन ओरडली, "अब्बा, आलं! फाईल आहे!"

तरी चाचा वळले नाहीत. प्रिंटर पहिल्या पानावर करकरला तेव्हा वळले, आणि पान हातात घेऊन बराच वेळ उलटं वाचत राहिले.

साठावं पान निघालं तेव्हा घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. चाचा आधीच स्टँडवर गेलेले. आम्ही धावत पोचलो, तर एसटी उभी, बॉनेट उघडं, आणि चाचा इंजिनाला कान लावून तस्बी ओढताहेत. ड्रायव्हर भक्तिभावानं बाजूला उभा. नसरीन चढताच चाचांनी डोळे उघडले. "काही नाई हो, भास होता. जाऊ द्या."

ती पास झाली, पुण्याला नोकरीला लागली. इकडे एका हंगामानंतर शेजारचं जिनिंग उघडलंच नाही. म्हशी पुन्हा काळ्या झाल्या. नसरीन आईबापाला न्यायला आली, त्या दिवशी चाचांनी शेवटचं माझं कॅबिनेट उघडलं. आतून राखाडी धूळ निघाली. रुई एका वातीपुरतीही नव्हती. त्यांनी ती उशी माझ्या टेबलावर ठेवली, जेमतेम अर्धी भरलेली. "बाकीची तू भर, मास्तर. भरली का पाठव."

त्यानंतर दर दिवाळीत फोन. "पंख्यात किती निघाली?" आणि मी, आयुष्यभर खऱ्याला फुंकर घालून फुगवणारा माणूस, सांगायचो, "मूठभर, चाचा! मावत नाही." तिकडून नुसतं "वा" यायचं.

एके वर्षी फोन नसरीनचा आला. अब्बा अंथरुणाला खिळलेत, उशी मागताहेत. मी सरळ मेडिकलमध्ये गेलो, कापसाचे सहा मोठे गुंडाळे आणले आणि रात्रीतून कुणी चोर शिरावा तसे त्या उशीत घुसवले. टम्म झाली. उशी पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं रवाना केली.

तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन. आवाज खोल गेलेला.

"मास्तर, अर्धी उशी मेडिकलची हाय. सरकीचा वासच नाई तिले."

आयुष्यात पहिल्यांदा मला फुगवायला काही सापडेना.

"म्हंजे पंख्यात काहीच येत नव्हतं? इतके साल?"

"नाही, चाचा."

पलीकडून मण्यांचा आवाज येत राहिला. मी मोजत होतो. नवव्या मण्याला चाचा म्हणाले, "चाल, असू दे. मान बरोबर टेकते."